दोन स्पीकरांच्या मधे

१

आमच्याकडं सुट्टी गुरुवारी असते. एमआयडीसीतल्या कंपन्या गुरुवारी बंद, आणि आम्ही दोघंही कंपनीतलेच. सत्यजीत रांजणगावला मेंटेनन्सला, मी सणसवाडीला क्वालिटीत. राहायला शिरूरला. मुलगी सायली पुण्यात शिकते, हॉस्टेलवर राहते. म्हणजे घरात आम्ही दोघं, आणि सत्यजीतची मशिनं.

आम्ही एकाच पॉलिटेक्निकला होतो, त्यामुळं मी नवऱ्याला अरे-तुरेच करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं.

मशिनं म्हणजे जुनी, गाण्याची. टर्नटेबल, कॅसेट डेक, निळ्या उजेडाच्या काचेचे रिसीव्हर, उचलताना कंबर धरेल असला एक स्पूलचा टेपरेकॉर्डर. लोक भंगारात काढतात ते हा घरी आणतो, उघडतो, पुसतो, सोल्डर करतो आणि गायला लावतो. मागची खोली त्यासाठीच दिलेली. मला त्याचा कधी राग आला नाही. कुणाचा नवरा ढाब्यावर बसतो, कुणाचा पुढाऱ्याच्या गाडीत. माझा घरात तरी असतो, असं मी कंपनीच्या बसमधे मैत्रिणींना सांगायचे.

दिवाळी झाल्यावर त्याला दौंडवरून एक सेट मिळाला. रेल्वेतले एक रिटायर गार्ड वारले होते. त्यांच्या मुलानं जुन्या सेटवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले, आणि सत्यजीत त्याच दिवशी टेम्पो घेऊन गेला. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा अॅम्प्लिफायर, एक टर्नटेबल, आणि कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर. स्पीकरांना पुढून गव्हाळ रंगाचं विणलेलं कापड ताणून बसवलेलं. कापडाला कुणाच्या तरी घरातल्या उदबत्तीचा वास होता.

त्यानं स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं मांडले, मधे जागा मोकळी सोडली आणि समोर आमची वेताची खुर्ची ठेवली. मग मोजपट्टी लावून अंतर मोजत बसला.

"ह्या खुर्चीतच खरं ऐकू येतं," तो म्हणाला. "वीतभर इकडंतिकडं झालं की संपलं."

"मग दोघांनी कसं ऐकायचं?"

"दोघांना नाही येत ऐकता," तो हसत म्हणाला. मीही हसले.

२

त्या खोलीत जायच्या आधी तो दाढी करायला लागला.

सुट्टीच्या दिवशी सत्यजीत कधी दाढी करत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत बनियन आणि बर्म्युडा, हे आमचं ठरलेलं. त्या गुरुवारी तो सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. मला वाटलं कुठं निघालाय. तो मागच्या खोलीत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. दाराआडून गाणं ऐकू यायचं, आणि गाण्याच्या मधे त्याचा आवाज. शब्द नाहीत, नुसतं "हं". एखादी गोष्ट सांगणाऱ्याला आपण देतो तसा हुंकार. मी लगेच त्याचा फोन शोधला. तो फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. कुणाशी बोलत नव्हता म्हणजे. मला हायसं वाटायला हवं होतं.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढा नटून कुणासाठी बसतोस?"

"अगं, तिच्यासमोर पारोसं बसायला बरं नाही वाटत."

"कुणाच्या समोर?"

तो गोंधळला. मग त्यानं मला समजावून सांगितलं, जे मला आधीच माहीत होतं. दोन्ही स्पीकरांतून गाणाऱ्याचा आवाज अगदी सारखा आला, की डोक्याला वाटतं तो मधल्या जागेतून येतोय. स्टीरिओ इमेज म्हणतात त्याला. चांगल्या सेटवर गाणारी समोर उभी आहे असं वाटतं. ह्या सेटवर तर जरा जास्तच वाटतं.

"तिथं काही नसतं गं," तो म्हणाला.

हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण पारोसं बसायला बरं नाही वाटत, हे वाक्य काही केल्या माझ्या मनातून जाईना. माझ्यासमोर तो वीस वर्षं पारोसाच बसत आला होता.

कॉलेजात मी गायचे. गॅदरिंगला मी गायलेलं गाणं त्यानं कॅसेटवर उतरवून घेतलं होतं, आणि जिन्यात गाठून तो मला म्हणायचा, "म्हण ना." लग्नानंतर कधी म्हणाला नाही. मीही म्हटलं नाही. दोघांच्या शिफ्ट, सायलीची शाळा, सासूबाईंचं आजारपण. गाणं राहूनच गेलं.

३

एका गुरुवारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. आत त्यानं सतारीची तबकडी लावली. सुई टेकली की आधी थोडी खरखर येते, मग क्षणभर शांतता, मग वाद्य. त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला.

ओळ उचलायच्या आधी गाणारा घेतो तसा श्वास. नाकानं, छाती भरून. बाईचा होता. मग सतार सुरू झाली आणि गायलं कुणीच नाही.

मी जुडी हातात धरून तशीच बसले. वादकाचा श्वास असेल, मी स्वतःला म्हणाले. जुन्या रेकॉर्डिंगमधे खोकलेसुद्धा येतात. खुर्ची करकरलेली येते. बरोबर आहे.

तेवढ्यात आतून सत्यजीतचा आवाज आला. अगदी हळू, लाडानं.

"म्हण ना."

मी मेथी तशीच टाकून उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. काय विचारणार होते? सतारीशी काय बोलत होतास, असं?

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. तो भावगीतं लावायचा, लावण्या लावायचा, अभंग लावायचा. गाणारी प्रत्येक वेळी वेगळी. पण ओळीच्या आधीचा श्वास तोच. थोडा लांबलेला, शेवटी किंचित अडखळणारा. एकदा त्यानं पुरुषाच्या आवाजातला अभंग लावला. तिथंही ओळीच्या आधी तीच बाई श्वास घेत होती.

मशीनचा दोष, मी ठरवलं. एखाद्या व्हॉल्व्हची फुसफुस असणार. क्वालिटीत काम करणारी बाई मी, कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. कारण सापडलं, असं मी धरून चालले. चैन मात्र पडली नाही.

४

"आज मला बसू दे," मी म्हणाले.

तो थांबला. क्षणभरच, पण थांबला. घरात पाहुणा असताना आपली बायको मधेच येऊन बसावी तसा त्याचा चेहरा झाला. मग म्हणाला, "बस की."

मी वेताच्या खुर्चीत बसले. तो माझ्या मागं, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. व्हॉल्व्ह तापल्यावर येतो तसा जळक्या धुळीचा वास सुटला होता. त्यानं एक भावगीत लावलं.

खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. तबला डावीकडं, व्हायोलिन उजवीकडं, हात लावून दाखवावं इतकं स्पष्ट. आणि मधे, रिकाम्या फरशीवर, उभ्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर गाणं. बाई माझ्याहून थोडी उंच असावी.

पण आवाज माझ्याकडं येत नव्हता. तो भिंतीकडं जात होता आणि भिंतीवर आपटून माझ्यापर्यंत पोचत होता. ओट्याशी उभी असलेली बाई मागं न वळता बोलते, तेव्हा कसं ऐकू येतं? तसं.

ती माझ्याकडं पाठ करून गात होती.

"हिचा आवाज दबल्यासारखा का येतोय?" मी विचारलं.

"दबलेला? किती मोकळा आहे अगं. तिचे ओठ मिटलेलेसुद्धा कळतात."

"मला नाही कळत."

"ऊठ बरं."

मी उठले, तो बसला. मी बाजूला उभी राहून त्याचा चेहरा बघत राहिले. तो मधल्या जागेत, जरा वर बघत होता. गाणं संपलं तशी त्यानं नजर खाली घेतली. समोरचं माणूस आपल्याकडं टक लावून बघायला लागलं की आपण घेतो ना, अगदी तशी.

५

त्या महिन्यात त्याला सेकंड शिफ्ट होती आणि मला फर्स्ट. मी दुपारी घरी यायचे तेव्हा तो गेलेला असायचा. संध्याकाळपर्यंत घर माझं.

मी आधी वायरी तपासल्या. एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या की मधला आवाज पोकळ होतो, हे साधं आहे. मी उलट करून बघितलं. आवाज सगळ्या खोलीभर पसरला, बाई उरलीच नाही. पूर्ववत केलं, ती पुन्हा उभी राहिली. पाठ करून. भिंतीवर गादी उभी केली, खुर्ची पुढंमागं केली, स्पीकरांची अदलाबदल केली. पाठच.

मग मला एक युक्ती सुचली. ती भिंतीकडं तोंड करून असेल, तर मीच भिंतीपाशी जावं. तबकडी चालू ठेवून मी स्पीकरांच्या मागं गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्यासमोर रिकामी खुर्ची. मधे ती.

त्या जागी उभं राहून धड काही ऐकू येऊ नये. पण आलं. आवाज माझ्यापासून लांब, खुर्चीकडं जात होता. मी भिंतीशी गेले तशी ती खुर्चीकडं वळली होती.

त्या क्षणी मी खोलीबाहेर पडायला हवं होतं. पण मला आधी अपमान वाटला. माझ्याच घरात, माझ्याच फरशीवर उभी राहून एक बाई माझं तोंड बघायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशीपासून मी कंपनीतून आले की तोंड धुवायचे, केस विंचरायचे, चांगली साडी नेसायचे आणि मग खुर्चीत बसायचे. हे मी का करत होते ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तिनं एकदा मान वळवून बघावं आणि तिला कळावं, की ह्या घरात बाई आहे. एवढंच.

सत्यजीतला मी काही बोलले नाही. तोही मला काही सांगत नव्हता. तो रात्री येऊन जेवायचा आणि झोपायचा, आणि झोपेत गालातल्या गालात हसायचा.

६

माझं माहेर खुटबाव. भावाकडं जाते असं सांगून मी एका गुरुवारी निघाले आणि चौफुल्याला खुटबावकडं न वळता तशीच पुढं दौंडला गेले.

गार्डांचं घर स्टेशनच्या पलीकडं होतं. त्यांच्या पत्नी रंभाबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा. आत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, शेजारी हार घातलेला गार्डसाहेबांचा. समोरच्या भिंतीपाशी फरशीवर दोन चौकोनी डाग. स्पीकर तिथं असणार.

"मी शिरूरची. तुमच्याकडचा सेट आमच्याकडं आलाय," मी म्हणाले.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पोराला, सम्राटला, म्या सांगितलं व्हतं, इकू नगं म्हून. फोडून टाक. त्यो हासला. बसा."

सेटमधे काही बिघाड होता का, असं मी विचारलं. रंभाबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या विंचरलेल्या केसांकडं, साडीकडं.

"बसलाव का तुमी खुर्चीत?"

"बसले."

"तोंड करून असती का पाठ?"

"पाठ."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. "पाठ हाय तवर बरं हाय. आता बसू नका."

"कोण आहे ती, मावशी?"

"मला काय ठावं? म्या कवा बसलेच न्हाई." त्या पुन्हा तांदळाकडं वळल्या. "ह्यांचं समदं आयुष्य तिच्यापुढं गेलं. ड्युटीवरून आलं की पाणी बी न घेता तिथं बसायचं. म्या हितं, ह्या उंबऱ्यात. लई जीव जळायचा, बाई. वाटायचं, जावं, बसावं, बघावं तरी काय हाय तिच्यात. पर न्हाई बसले. गडी माणसाला ती काय करत न्हाई. त्येला निस्तं गाणं."

"आणि बाईला?"

एक खडा उचलून त्यांनी बाहेर टाकला.

"तिला वळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "च्या टाकू का?"

७

येताना बसमधे मी ठरवलं, सेट काढून टाकायला लावायचा. सरळ भांडायचं, पण लावायचा.

घरी पोचले तेव्हा मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत सत्यजीत हसत होता. खळखळून. कॉलेजच्या जिन्यात हसायचा तसा. ते हसणं मी इतकी वर्षं ऐकलेलं नव्हतं. मला वाटत होतं वयानं गेलं असेल. गेलं नव्हतं. दुसऱ्या कुणासाठी होतं.

उंबऱ्यात बसून तांदूळ निवडणारी म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर आली. आयुष्यभर जळत बसलेली. मला तसं बसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम सतारीची तबकडी लावली. खिडकीतून ऊन आत आलं होतं, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत चालला होता. सुई टेकली. खरखर. शांतता. श्वास.

आणि ती काही म्हणायच्या आत मी गायला सुरुवात केली.

गॅदरिंगचं गाणं. आवाज बसलेला, सूर हलत होता, पण मी गायले. खुर्चीत ताठ बसून, मधल्या जागेकडं बघत, तिच्या पाठीवर. पहिली ओळ संपली. मी दुसरीसाठी थांबले.

उजव्या स्पीकरमधली सतार मंद झाली. बंद नाही, मंद. स्पीकरसमोरून माणूस गेलं की होते तशी. मग ती पुन्हा उघडी झाली.

दुसरी ओळ मधल्या जागेतून आली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आवाज आता भिंतीवर आपटून येत नव्हता. सरळ येत होता, माझ्या कपाळावर, मोकळा, स्वच्छ, ओठ मिटलेले कळावेत इतका. तो माझा आवाज होता. आत्ताचा बसलेला नाही. तेव्हाचा.

मग तो जवळ आला. डावा स्पीकर मंद झाला. खुर्चीच्या हातापाशी वेत करकरला. माझ्या कानाशी तो श्वास झाला, लांबलेला, शेवटी अडखळणारा, आणि मागं गेला. मला मान वळवता येत नव्हती. माझ्या पाठीमागं दाराचा पडदा कड्यांवर सरकला. मग घरात, पलीकडच्या खोलीत, कुणीतरी गुणगुणत गेलं.

तबकडी संपून सुई कधी उचलली गेली, मला कळलं नाही.

८

पुढच्या गुरुवारी सत्यजीत दाढी करून आत गेला आणि थोड्याच वेळात बाहेर आला.

"आवाज सपाट झालाय," तो म्हणाला. "मधे कुणीच नाही."

त्यानं व्हॉल्व्ह बदलले, सुई बदलली. शेवटी सेटवर जुनी चादर टाकली. मला आनंद झाला, तो मी लपवलाही नाही. त्या दिवशी पुरणपोळी केली. जिंकले असं वाटत होतं.

आणि सत्यजीत खरंच बदलला. घरात बसायला लागला, हसायला लागला. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा ठेवू का?" तो हॉलमधे पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली, बेडरूमच्या दाराकडं वळवली आणि तिकडं बघून म्हणाला, "ठेव ना. आणि ये, बस जरा माझ्याजवळ."

मला वाटलं, लक्ष नसेल.

जेवताना मी त्याच्या समोरच बसले होते. "मीठ कमी झालंय का रे?" मी विचारलं. त्यानं माझ्या खांद्यावरून मागं, बेडरूमच्या दाराकडं बघितलं. "नाही गं. छान झालंय."

मी मागं वळले. दारात कुणी नव्हतं. पडदा हलत होता, पण पंखा चालू होता.

मग मी त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले. "सत्यजीत, माझ्याकडं बघ."

"बघतोय की," तो दाराकडं बघत म्हणाला. इतक्या प्रेमानं. मला तो बघतच नाही असं नव्हतं. बाजूनं जाताना अंग चोरायचा, ताट पुढं सरकवायचा. बसमधल्या अनोळखी बाईशी वागावं तसा. पण माझा आवाज त्याला माझ्याकडून येत नव्हता. तो तिथून येत होता.

कंपनीत असं काही नाही. तिथं मी ओरडले की ऑपरेटर माझ्याकडंच बघतात. हे फक्त घरात. कंपनीच्या गेटवरून मी भावाला, रविराजला फोन केला. सगळं सांगता आलं नाही, घरात बरं वाटत नाही एवढंच म्हणाले.

"आक्के, ये की मग हिकडं. ऱ्हा महिनाभर," तो म्हणाला. "मी येतो न्ह्यायला."

मी नको म्हणाले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण मी गेले म्हणजे घर तिला मोकळं. माझा ओटा, माझी कपाटं, माझा नवरा. हे माझ्याच्यानं झालं नसतं.

त्यापेक्षा मी घरात बोलायचंच सोडलं. माझ्या बोलण्यावरच ती जगत असेल, तर उपाशी मरेल, असा माझा हिशेब.

तो चुकला. मी गप्प, ओठ घट्ट मिटलेली, कणीक मळत होते आणि हॉलमधून सत्यजीत म्हणत होता, "हं. मग? पुढं काय झालं?"

९

सायलीचा फोन दर गुरुवारी सकाळी येतो, तिच्या बाबांच्या मोबाइलवर. आधी त्याच्याशी बोलते, मग माझ्याशी.

मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. फोन वाजला, सत्यजीत थोडा बोलला आणि म्हणाला, "थांब, आईला देतो." मी हात पुसले. त्याची पावलं स्वयंपाकघराकडं आली नाहीत. बेडरूमकडं गेली.

फोन स्पीकरवर होता. मला सायलीचा आवाज ऐकू येत होता. ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. तिच्या थांबण्याच्या जागी मला काही ऐकू येत नव्हतं. पंखा आणि कढईतली चरचर.

"...नाही गं, तसा चांगला मुलगा आहे," ती म्हणाली. थांबली. मग लाजल्यासारखी हसली. "तुला कसं कळलं?" पुन्हा थांबली. "आई, खरं सांगू? तुझ्याशी असं बोलता येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आधी कुठं होतीस तू?"

मी गॅस तसाच सोडून धावले.

सत्यजीत पलंगाच्या कडेला बसला होता, हसऱ्या चेहऱ्यानं. फोन माझ्या उशीवर ठेवलेला. पलंगाची माझी बाजू दबलेली होती. बाई मांडी घालून बसली की गादी दबते तेवढी, तशी. वर काही नव्हतं. सकाळच्या उजेडात चादरीवरची फुलं दिसत होती. मी दारात आले, आणि तो खळगा हलला. बसलेलं माणूस दाराकडं वळून बघतं तेव्हा गादी जशी एका अंगाला कलते, तशी.

"सायली!" मी ओरडले. इतक्या दिवसांनी माझा घसा उघडत होता. "सायली, मी बोलतेय गं. आई!"

"आई, एक मिनिट हं," सायली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, परक्यासमोर बदलतो तसा. "मधेच कुणीतरी बाई बोलतेय. बाबा, घरी कोण आलंय?"

सत्यजीतनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"कुणी नाही," तो म्हणाला.